मुक्या अक्षराची मजुरी

पेत्रोग्राडच्या वासिल्येव्स्की बेटावरच्या एका छापखान्यात एक म्हातारा जुळारी होता. केसच्या खणांतून शिशाचे खिळे एकेक उचलायचे, स्टिकमध्ये लावायचे, ओळ भरली की गॅलीवर उतरवायची, हा त्याचा जन्माचा उद्योग. बोटं कायमची काळी. नजर हस्तलिखितावर आणि हात आपोआप हव्या त्या खणात. (म्हातारा आणि पुढे येणारी माणसं मी रचलेली आहेत. हुकूम, खिळे आणि भूक या तिन्ही गोष्टी मात्र इतिहासातल्या.)

म्हातारा मूळचा मॉस्कोचा, सितीनच्या मोठ्या छापखान्यातला. जुळाऱ्यांना तेव्हा हजार अक्षरांमागे मजुरी मिळायची. मालक अक्षरं मोजत आणि स्वल्पविराम, पूर्णविराम सोडून देत. आता स्वल्पविरामाचा खिळाही हातानेच उचलावा लागतो, तो काही उडी मारून ओळीत येऊन बसत नाही. १९०५ च्या सप्टेंबरात सितीनच्या जुळाऱ्यांनी काम बंद पाडलं. कामाचे तास कमी करा, हजारी दर वाढवा आणि विरामचिन्हंही मोजा, एवढंच त्यांचं मागणं. लोण इतर छापखान्यांत गेलं, पुढे रेल्वेत गेलं, आणि ऑक्टोबरात सारा देश संपावर होता. झारला जाहीरनामा काढून नागरी हक्क आणि लोकांनी निवडून दिलेली सभा कबूल करावी लागली. "मी स्वल्पविरामासाठी झारशी भांडलोय," असं म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि सांगताना वाकलेली पाठ थोडी सरळ व्हायची.

त्याच्या केसमध्ये एका खणाकडे हात सारखा जायचा. अक्षर दिसायला साधं: उभी रेघ, तिच्या पायथ्याशी उजवीकडे फुगलेलं पोट आणि डोक्यावर डावीकडे वळलेली आखूड शेंडी. नाव येर. (आपल्या 'येरागबाळ्या'तल्या येराशी याचं काही नातं नाही, पण रशियात याची पत साधारण तेवढीच उरली होती.) नियम असा होता की शब्द व्यंजनाने संपला की शेवटी येर लावायचा. उच्चार काही नाही. तो मागच्या अक्षराला लांबवत नाही, तोडत नाही, काही करत नाही. लग्नाच्या पंगतीत कुठल्याच बाजूचा नसलेला पाहुणा जेवून जातो, तसा तो शब्दामागून शब्दात बसलेला असायचा.

तो असा जन्माला आला नव्हता. हजारेक वर्षांपूर्वी बल्गेरियात सिरिलिक लिपी घडली तेव्हा येर हा चांगला उच्चार असलेला स्वर होता, फार आखूड, 'उ'च्या जवळपासचा. पुढच्या दोनतीनशे वर्षांत रशियातल्या बोलणाऱ्यांनी तो शब्दाच्या शेवटी गिळून टाकला. आपणही हेच केलं आहे. आपण 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. 'र'मधला अ कागदावर आहे, तोंडात नाही. फरक इतकाच की आपल्या त्या अ-ला वेगळी खूण नाही, म्हणून त्याच्यासाठी शाई, शिसं, मजुरी काहीच लागत नाही. रशियन येराला अख्खा खिळा लागायचा. लेखणीने लिहीत होते तोवर ठीक होतं. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती तेव्हा शब्द कुठे संपला हे येरावरून कळायचं, हाही एक उपयोग. पुढे जागा सोडायला लागले, छपाई आली, आणि येर नुसता जागा अडवून बसला. लेव उस्पेन्स्की या लेखकाने पुढे हिशेब मांडला की टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'च्या एका जुन्या, दोन हजारांहून जास्त पानांच्या आवृत्तीत असे सुमारे १ लाख १५ हजार येर आहेत. सगळे एकत्र रचले तर सत्तरहून जास्त पानं भरतील, आणि त्या पानांत वाचण्यासारखं अक्षरशः काही नसेल.

म्हाताऱ्याला याची तक्रार नव्हती. मालक स्वल्पविराम मोजायला तयार नव्हता, पण येर हे अक्षर होतं, तो मोजावाच लागायचा. हजारात तीसपस्तीस येर. वर्षाकाठी जेवढे होतील तेवढ्यात पोरांचे बूट निघायचे.

भाषापंडितांना मात्र ही उधळपट्टी बघवत नव्हती. फोर्तुनातोव, शाखमातोव ही अकादमीतली मोठी माणसं १९०४ पासून सांगत होती की शब्दाच्या शेवटचा येर काढा. सरकारं ऐकून घेत आणि विसरत. मग क्रांती झाली. २३ डिसेंबर १९१७ ला, म्हणजे नव्या पंचांगाप्रमाणे ५ जानेवारी १९१८ ला, नव्या सरकारने शुद्धलेखनाचा हुकूम काढला. छापखाने ढिम्म. १० ऑक्टोबर १९१८ ला दुसरा हुकूम निघाला. त्यात आणखी तीन अक्षरं कायमची रद्द झाली होती, कारण त्यांचे उच्चार करणारी दुसरी अक्षरं लिपीत होतीच. येराबद्दलचं कलम वेगळं होतं: शब्दाच्या शेवटी गाळा, पण शब्दाच्या मध्ये जिथे तो दोन आवाज तोडून दाखवतो तिथे ठेवा.

हुकूम कागदावर बारकाईने लिहिलेला होता. तो अमलात आणायला बाल्टिक आरमाराचे खलाशी निघाले.

बेटावरच्या त्या छापखान्यात चारजण आले. पुढचा विशीतला, ओठावर मिसरूड फुटलेलं, खांद्यावर बंदूक आणि हातात पोतं. अक्षरं वाचता येत होती, पण ओठ हलवल्याशिवाय नाही.

"आजोबा, हे चार खण रिकामे करायचेत. हुकूम आहे."

"तीन खुशाल ने," म्हातारा म्हणाला. "चौथ्याचं जरा ऐकून घे."

"त्यात ऐकायचं काय? हे अक्षर बोलतच नाही. फुकट खातं."

"खातं खरं. माझ्या पोरांनाही त्यानेच घातलंय खायला." म्हाताऱ्याने बोलता बोलता पाच खिळे उचलून स्टिकमध्ये लावले आणि स्टिक खलाशापुढे धरली. "वाच."

खिळ्यावर अक्षर उलटं असतं. खलाशाला वेळ लागला. "स्येल," तो म्हणाला. म्हणजे खाऊन टाकलं, जेवला.

"यात येर किती?"

"दोन."

"शेवटचा काढ. आता वाच."

"स्येल."

"बरोबर. तो फुकटा होता. आता मधला काढ."

खलाशाने मधला काढला. उरलेले तीन खिळे म्हाताऱ्याने बोटाने सरकवून जवळ आणले. खलाशाचे ओठ हलले आणि थांबले. "सेल," तो म्हणाला. म्हणजे बसला.

"बघ. जेवणारा माणूस तुझ्या पोत्यामुळे नुसता बसून राहिला."

मागच्या बाजूला कुणीतरी हसलं, पण ते हसणं लांबलं नाही. त्या वर्षी पेत्रोग्राडमध्ये माणशी रोजचा पाव कधी कधी पन्नास ग्रॅमपर्यंत उतरत होता. १९१७ ला वीस लाखांहून जास्त वस्ती असलेलं ते शहर १९२० पर्यंत सात लाखांवर येणार होतं.

"तुमच्या हुकुमातही हेच लिहिलंय," म्हातारा म्हणाला. "शेवटचे न्या, मधले ठेवा. शहाण्या माणसांनी केलाय तो हुकूम. मी नाव नाही ठेवत."

खलाशी वाईट माणूस नव्हता. त्याने खणात हात घातला, मूठभर येर तळहातावर घेतले आणि उजेडात धरून पाहिले. "मग यातले शेवटचे कुठले आणि मधले कुठले?"

"खणात असताना शेवटचा-मधला काही नसतं, बाळा. ओळीत बसला की ठरतं."

"म्हणजे मी मधल्यांसाठी ठेवले, आणि तुम्ही उद्या शेवटी लावलेत, तर?"

"तर लावले," म्हातारा म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"मग सगळेच नेतो."

आणि खण पोत्यात उपडा झाला. शिशाचा आवाज मोठा नसतो, पण चारपाच किलो शिसं एकदम पडलं की आजूबाजूचे हात थांबतात. खलाशाचं गणित त्याच्या जागी चोख होतं. हुकूम जागा बघून निवाडा करत होता. पोत्याला जागा कळत नाही, खिळा कळतो. कागदावर बारीक अक्षरात लिहिलेल्या 'पण'चं अंमलबजावणी करणाऱ्याच्या हातात काय होतं, हे आपल्याकडे सरकारी कचेरीत एकदा तरी उभं राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सरकारच्याच जाहिराती छापायला आल्या. जाहिरात, अधिवेशन, स्पष्टीकरण, या सगळ्या रशियन शब्दांच्या पोटात मधला येर आहे. खण रिकामा. तेव्हा शहरातल्या सगळ्याच जुळाऱ्यांनी जी युक्ती काढली तीच म्हाताऱ्याने काढली. येराच्या जागी वरती अपॉस्ट्रफी लावली. अपॉस्ट्रफीचे खिळे संपले तेव्हा स्वल्पविराम उचलून ओळीच्या वरच्या अंगाला बसवला. ज्या स्वल्पविरामाला मालक मोजायला तयार नव्हते त्याला अशी बढती मिळाली. सोव्हिएत वर्तमानपत्रांत ही अपॉस्ट्रफी पुढे कितीतरी वर्षं दिसत राहिली, येराचे खिळे परत आल्यावरही. तात्पुरत्या सोयी फार चिवट असतात. (युक्रेनियन आणि बेलारूशियन लिहिणाऱ्यांकडे येर नाहीच, तिथे हे काम अपॉस्ट्रफी रीतसर करते आणि कुणाला त्यात खटकत नाही.)

त्याच वेळी देशाबाहेर उलटा तमाशा चालला होता. क्रांतीला कंटाळून पॅरिस, प्राग, बर्लिन गाठलेल्या रशियनांनी शेवटचा येर सोडायला साफ नकार दिला. कथाकार इव्हान बुनिन, पुढे १९३३ चे नोबेलविजेते, नव्या शुद्धलेखनाचं नाव काढू देत नसत. ज्या येराला झारच्या राज्यात पंडित उधळपट्टी म्हणत होते, तो परदेशात मातृभूमीची खूण झाला. मॉस्कोच्या 'कोमेरसांत' दैनिकाने क्रांतीपूर्व काळाशी नातं सांगायला १९९० च्या सुमारास नावाच्या शेवटी येर लावला तो अजून तसाच आहे, आणि त्यांचं बोधचिन्हही तेवढंच एक अक्षर आहे. मला या दोन्ही बाजू एकसारख्याच वाटतात. एकाने पोत्यात भरला, दुसऱ्याने देव्हाऱ्यात ठेवला, आणि 'जेवला' आणि 'बसला' यांच्यातला फरक कोण दाखवतो याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

म्हातारा दुसरा हिवाळा काढू शकला नाही. खलाशी यादवी युद्धात लढायला गेला आणि धडधाकट परतला. त्याच्या कागदपत्रांत कुणीतरी 'शहरातल्या बऱ्याच छापखान्यांची प्रत्यक्ष माहिती' असं लिहून ठेवलं होतं. माहिती होतीच, त्याने पोतं घेऊन सगळे पाहिले होते. तर त्याला छापखान्यात नेमलं. निरक्षरता हटवण्याची मोठी मोहीम तेव्हा चालू होती. तो संध्याकाळी वर्गाला बसू लागला आणि ओठ न हलवता वाचायला शिकला. हात खणांवर फिरायला लागले. जुळारी झाला, मग मुकादम.

त्याच्या हाताखाली एक बल्गेरियन आला. बल्गेरियात १९२३ च्या सप्टेंबरात कम्युनिस्टांचा उठाव फसला आणि बरेचजण रशियात पळून आले, त्यातला हा. धंद्याने जुळारीच. (बल्गेरियन कम्युनिस्टांचे सर्वांत गाजलेले पुढारी गिओर्गी दिमित्रोव्हही पोरवयापासून जुळारीच होते, खिळे जुळवणारे हात चळवळीत फार.) त्याला आपल्या लोकांसाठी एक भित्तिपत्रक रचायचं होतं. मोठ्या अक्षरांसाठी लाकडी खिळे वापरतात. तो खण धुंडाळत होता.

"काय शोधतोस?"

"येर."

"तो बंद झाला. अपॉस्ट्रफी लाव."

"कुठे लावू? माझ्या देशाचं नाव आहे."

आणि त्याने ते म्हणून दाखवलं: बल्गारिया. पहिल्या व्यंजनानंतर जो 'अ' ऐकू येतो, आपल्या 'बस'मधल्या पहिल्या अ-सारखा, तोच बल्गेरियनचा येर. तिथे तो मुका नाही, तोडणाराही नाही, सरळ स्वर आहे. 'रस्ता', 'घर', 'मी आहे' या रोजच्या शब्दांत तो वाजतो. आजच्या बल्गेरियनमध्ये 'कोपरा' या शब्दात दोन येर आहेत, 'अगल' असा काहीसा उच्चार. दोन्ही काढले तर ग आणि ल एवढेच उरतील आणि ते म्हणायला तोंड उघडणार नाही. शेवटचा फुकटा येर बल्गेरियातही होता. तो त्यांनी १९४५ ला काढला, आणि वाजणारा नीट सांभाळला. तिथे पोतं घेऊन कुणी गेलं नाही.

मुकादमाने लाकडी खिळ्यांतून येराचा धाकटा भाऊ काढला. रशियनमध्ये मागच्या व्यंजनाला मऊ करणारी एक खूण आहे, दिसायला हुबेहूब येर, फक्त डोक्यावर शेंडी नाही. त्याच्या वरच्या टोकाला त्याने लाकडाची बारीक काडी सरसाने चिकटवली, चाकूने तासली, अंगठ्याने सपाट केली. शाई लावून ठसा घेतला. येर उमटला, शेंडी जरा जाड. भित्तिपत्रक त्या एका खिळ्यावर निघालं.

१९३८ ला हा मुकादम कॉकेशसमध्ये होता, ओर्जोनिकिद्झे शहरात. पूर्वी आणि आता त्याचं नाव व्लादिकाव्काझ. पलीकडे पर्वत, खाली तेरेक नदी, आणि तो एका छापखान्याचा व्यवस्थापक. इथले लोक ऑसेटियन. त्यांची भाषा इराणी कुळातली, म्हणजे आपल्या भाषांची लांबची चुलत बहीण. पण शेकडो वर्षं कॉकेशसमध्ये राहून तिने शेजाऱ्यांचे काही आवाज उचललेले. त्यात काही व्यंजनं अशी की हवा फुप्फुसातून सोडायचीच नाही. घसा बंद करायचा, तोंडात कोंडलेल्या हवेचा दाब वाढवायचा आणि 'क' किंवा 'त' फटकन फोडायचा. साधा क वेगळा आणि हा फुटणारा क वेगळा. ऑसेटियन माणसाला ही दोन अक्षरं तितकीच वेगळी, जितकी आपल्याला क आणि ख.

या भाषेला १९२३ ला लॅटिन लिपी देण्यात आली होती. पंधरा वर्षांत पोरांची एक पिढी ती शिकली. मग मॉस्कोचं वारं फिरलं आणि एकापाठोपाठ एक भाषांना सिरिलिक घ्यावी लागली: कबार्डियन १९३६, अवार आणि ऑसेटियन १९३८, उझबेक, ताजिक १९४०. लॅटिनची बाजू घेणं त्या वर्षांत जिवावर बेतू शकत होतं, म्हणून कुणी घेतली नाही. प्रश्न एकच होता, की रशियनमध्ये नसलेले एवढे आवाज लिहायचे कशाने? नवी अक्षरं घडवली तर नवे साचे, नवी टंकलेखनयंत्रं. केसमध्ये आधीच पडून असलेलं, फारसं काम नसलेलं अक्षर कोणतं? रशियन मजकुरात आता दहा हजार अक्षरांत चारेक वेळा येणारं, सर्वांत रिकामं?

शाळेच्या एका ऑसेटियन बाई अंकलिपीचं हस्तलिखित घेऊन आल्या. व्यवस्थापकाने पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. ओळीओळीत येर. क नंतर येर, त नंतर येर, च नंतर येर.

"बाई, हे शब्दाच्या मध्ये तोडायचे येर आहेत का?"

"नाही."

"मग शेवटचे?"

"तेही नाहीत. क आणि येर मिळून एक अक्षर आहे." त्यांनी बोट ठेवून दाखवलं. अशी सात अक्षरं होती, प्रत्येकात येर अर्धा वाटेकरी. हात, लहान पाखरू, सणाला केलेली भरलेली पोळी, सगळ्यांत तो होता. "आणि हे बघा." त्यांनी शेवटचं पान काढलं. कोस्ता खेतागुरोव, ऑसेटियन साहित्याचा आद्य कवी. त्याचं 'इरोन फँदिर' १८९९ ला याच शहरात छापलं गेलं. "तुमच्या पुस्तकांत नुसता क आहे. तुम्ही त्याला तसं म्हणता, चालतं. आमच्या पोरांनी त्याचं नाव नुसत्या क-ने वाचलं, तर त्यांना वाटेल कुणी दुसराच आहे."

हे एकट्या ऑसेटियनांचं नव्हतं. शेजारी कबार्डियन आपल्या मुलखाचं नावच क आणि येराने सुरू करतात. कराचाई करतात. क्रिमियातले तातार सिरिलिकमध्ये क्रिमिया लिहितात तेव्हा पहिल्या क-शेजारी येर असतो. तिथे तो घशाच्या आणखी आतला, उर्दूतल्या 'क़लम'चा क. दागेस्तानात इमाम शमिल १८५९ ला जिथे शरण आला त्या गुनिबचं अवार नाव ग आणि येराने. ताजिकांनी त्याला आणखी निराळं काम दिलं. अरबीतून आलेल्या शब्दांत घशाला जो बारीक अटकाव होतो, तो येराने दाखवायचा. गझलेतला 'शेर' ताजिकीत लिहायचा तर मध्ये येर येतो. उझबेकांनीही तेच केलं, आणि १९९३ नंतर लॅटिनकडे वळताना त्या येराच्या जागी, बघा, अपॉस्ट्रफी घेतली.

व्यवस्थापकाने खणात पाहिलं. येराचा खण केसच्या कडेला, सर्वांत लहान. मुठीत मावतील एवढे खिळे. अंकलिपीचं एक पान त्यात निघालं नसतं. त्याने लेनिनग्राडच्या, म्हणजे जुन्या पेत्रोग्राडच्या, ओतकाम कारखान्याला मागणी पाठवली, किलोत. उत्तर आलं की रशियन मजकुराला इतके येर लागत नाहीत, मागणीच्या आकड्यात चूक झाली असावी, स्पष्टीकरण पाठवावे. 'स्पष्टीकरण' या शब्दात त्यांनी येर छान ठसठशीत छापला होता. त्याने स्पष्टीकरण पाठवलं. दुसरं पाठवलं. तिसऱ्याबरोबर बाईंच्या हस्तलिखिताचं एक पान जोडलं. हिवाळा लागायच्या आत एक लाकडी पेटी आली, आणि ती उचलायला दोन माणसं लागली.

अंकलिपी फर्म्यावर चढली, आणि पहिल्या महिन्याच्या मजुरीला भांडण झालं. जुळाऱ्यांनी क-येर दोन अक्षरं मोजली होती. हिशेबनीस रशियन, नियमाला धरून चालणारा. त्याने बाईंची वर्णमाला पुढे केली. तिथे क-येर स्पष्ट एक अक्षर म्हणून छापलेलं. "हजार अक्षरांचा दर आहे. हे एक अक्षर. शिवाय त्यातलं दुसरं मुकं."

"हात दोनदा जातो ना खणात?" जुळाऱ्यांतला एकजण म्हणाला.

"हात गेल्याचे पैसे नाहीत. अक्षराचे आहेत."

प्रकरण व्यवस्थापकापुढे आलं. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या. मग त्याने हिशेबनिसाला बाईंच्या पुस्तकातलं 'हात' या चित्राखालचं पान उघडून दिलं. "वाचा."

"कुख," हिशेबनीस म्हणाला.

बांधणी विभागातल्या बायका हसल्या. त्याने परत म्हटलं, जरा जोरात. त्या जास्त हसल्या. एकीने पुढे येऊन घशावर बोट ठेवून करून दाखवलं, आणि क बियाणं फुटल्यागत बाहेर पडला. हिशेबनिसाने मान ताठ केली, श्वास कोंडला, तिसऱ्यांदा केलं. आवाज आला तो खोकल्याचा.

"मुकं अक्षर आहे म्हणालात," व्यवस्थापक म्हणाला, आणि त्याने मजुरीपत्रक ओढून क-येरापुढचा एक खोडला आणि दोन लिहिले. खाली सही केली. मग सवयीने पत्रकाचा मागचा रकानाही पाहिला. स्वल्पविराम धरले होते की नाही, ते त्याला बघायचं होतं. धरले होते.

हिशेबनीस दुपारचा कागदाच्या गोदामात जाऊन एकटाच क फोडत बसला होता, असं बाई सांगत. चारच्या सुमाराला त्याला तो बऱ्यापैकी जमला म्हणे. च मात्र शेवटपर्यंत जमला नाही, त्यामुळे सणाला त्याला पोळी मागायची झाली की तो बोटाने दाखवायचा.